डिसेंबरच्या स्पर्धेआधी बॅट बदलावी का?

प्रश्न : मी मुलुंडला राहतो, वय ३६. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये टेबल टेनिस खेळायला सुरुवात केली आणि गेल्या वर्षभरापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी एका क्लबात शिकायला जातो. माझ्याकडे ‘कार्बन’ असे छापलेली रेडीमेड बॅट आहे. सरावात फोरहँड टॉपस्पिन (पुढच्या फिरकीचा फटका) छान बसतो, पण सामन्यात चेंडू टेबलाबाहेर जातो, ब्लॉक (समोरचा फटका नुसता अडवणे) उडतात आणि समोरच्याची आखूड सर्व्हिस परतवताना चेंडू उंच उठतो. अलीकडे मनगटही दुखते. क्लबातला एक मित्र त्याची बटरफ्लायची विस्कारिया, दोन्ही बाजूंना टेनर्जी ०५ रबर लावलेली, अर्ध्या किमतीत द्यायला तयार आहे. दुसरा म्हणतो, चिनी हरिकेन रबर घे. तिसरा म्हणतो, तुझा बॅकहँड कच्चा आहे, मनिका बत्रासारखे पिंपल, म्हणजे बाहेर टोके असलेले रबर, लाव. सर मात्र म्हणतात, बॅट राहू दे, आधी पाय हलव. डिसेंबरात कंपनीच्या आंतरशाखा स्पर्धा आहेत आणि बारा हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. मी काय करावे? शिवाय, निळे रबर स्पर्धेत चालते का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सरांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पाय हलले नाहीत तर कोणतीही बॅट उपयोगाची नाही, हे मान्य. परंतु तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी, म्हणजे टॉपस्पिन बाहेर जाणे, ब्लॉक उडणे आणि आखूड सर्व्हिसचे परतीचे चेंडू उंच उठणे, या तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात. तुमची बॅट तुमच्या आजच्या खेळापेक्षा वेगवान आहे. त्यामुळे बॅट बदलावी असेच माझे मत आहे, मात्र मित्र सुचवतात त्या दिशेने नव्हे. कार्बन नसलेले, पाच थरांचे साधे लाकडी ब्लेड, म्हणजे रबराखालची मुठीसकटची फळी, घ्यावे, त्याला दोन्ही बाजूंना मध्यम किंवा किंचित मऊ स्पंजाचे साधे रबर लावावे आणि ते ब्लेड निदान दोन वर्षे बदलू नये.

याचे कारण थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण क्लबात तुम्हाला याच्या नेमके उलट सांगणारे पुष्कळ जण भेटतील. टेबल २.७४ मीटर लांब असते, म्हणजे जाळीपलीकडे चेंडू टाकायला तुम्हाला जेमतेम १.३७ मीटर जागा मिळते. सरावात समोरून येणारा चेंडू एका लयीत, एकाच जागी येतो, त्यामुळे वेगवान बॅटनेही टॉपस्पिन बसतो आणि कानाला तो टणक आवाज गोडही लागतो. सामन्यात चेंडूची लांबी, फिरकी आणि वेग दर वेळी बदलतात. हात किंचित उशिरा पोहोचतो, बॅटचा कोन थोडा उघडा राहतो, आणि जी चूक सावकाश बॅटने पोटात घातली असती ती वेगवान बॅट चेंडू बाहेर घालवून दाखवते. इथपर्यंत सगळ्यांनाच कळते. खरे नुकसान त्यापुढचे आहे. चार चेंडू बाहेर गेले की हात आपोआप आखडतो. फटका पुरा न मारता खेळाडू चेंडूला नुसता अडवू किंवा ढकलू लागतो, खांदा आणि कंबर वळायची थांबतात, आणि महिनाभरात तो आखडलेला फटकाच सवयीचा होतो. मग चेंडू टेबलावर पडतो खरा, पण त्यात फिरकी नसते. ही सवय मोडायला सरांना पुढे दुप्पट मेहनत पडते. बेताच्या वेगाच्या बॅटने चेंडू पलीकडे जोरात पाठवायचा तर हात पुरा फिरवावाच लागतो, आणि शिकण्याच्या या टप्प्यावर तुमच्या हाताला नेमके तेच हवे आहे.

आता मित्राच्या बॅटविषयी. विस्कारिया हे उत्तम ब्लेड आहे याबद्दल दुमत नाही. पाच लाकडी थरांच्या मध्ये अॅरिलेट-कार्बनचे दोन थर अशी त्याची घडण आहे आणि जगातल्या अनेक पहिल्या फळीच्या खेळाडूंनी त्यावर मोठ्या स्पर्धा जिंकल्या आहेत. टेनर्जी हे २००८ साली आलेले रबर त्या काळात क्रांतिकारक ठरले, कारण त्याचा स्पंज चेंडू आत दाबून घेतो आणि जोराने परत फेकतो. अडचण इथेच आहे. या प्रकारच्या रबराला हलका स्पर्श केला तर ते एका तऱ्हेने वागते आणि स्पर्श जरा जड झाला की अचानक चेंडू उसळवते. या दोहोंमधली सीमा ओळखायला रोजचा, वर्षानुवर्षांचा सराव लागतो. आखूड सर्व्हिसवर तुमचा चेंडू आत्ताच उंच उठतो, तो टेनर्जीवर आणखी उठेल. शिवाय वापरलेल्या रबराला अर्धी किंमत देणे हा व्यवहारही फायद्याचा नाही. नियमित खेळणाऱ्या माणसाच्या बॅटवरचे असे रबर काही महिन्यांत आपली पकड गमावते, आणि मग महागड्या रबराच्या नावाखाली तुमच्या हाती गुळगुळीत पृष्ठभाग येतो. मित्राला दुखवायचे नसेल तर दोन वर्षांनी नुसते ब्लेड विकत घेण्याची तयारी दाखवून ठेवा.

हरिकेनची गोष्ट वेगळी आहे. शांघायच्या डबल हॅपिनेस कंपनीचे हे रबर चिकट आणि बहुधा कडक स्पंजाचे असते. कडक स्पंज दबावा लागतो, आणि तो दाबायला हाताचा वेग हवा. ज्या मुलाने लहानपणापासून रोज काही तास पूर्ण शरीर वळवून फोरहँड मारला आहे, त्याला त्यातून जी फिरकी मिळते ती आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळणाऱ्याला मिळत नाही. त्याचा चेंडू वरच्या थरालाच लागून परत येतो आणि सगळे वजन मनगटावर पडते. तुमचे मनगट आधीच तक्रार करते आहे. आणखी एक बाब म्हणजे चिनी राष्ट्रीय संघाचे खेळाडू वापरतात ती प्रत आणि दुकानात सर्वसाधारण किमतीला मिळणारी प्रत एक नसते, त्यामुळे टीव्हीवर पाहून केलेली अपेक्षा हमखास फसते. स्पंजाचा कडकपणा वाचताना एक ध्यानात ठेवा, की चिनी कंपन्यांचे अंश आणि युरोपीय किंवा जपानी कंपन्यांचे अंश एकाच मापाचे नसतात. चिनी रबरावरचे ३९ आणि जर्मन रबरावरचे ३९ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पिंपलचा सल्ला मी सर्वांत आधी बाजूला ठेवेन. मनिका बत्रा यांनी २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत लांब पिंपलच्या बळावर भल्याभल्यांना गोंधळात टाकले, आणि २०२४ मध्ये बुसान येथील सांघिक जागतिक स्पर्धेत अयहिका मुखर्जी यांनी अँटीस्पिन, म्हणजे समोरच्याची फिरकी मारून टाकणारे गुळगुळीत रबर घेऊन त्या वेळच्या जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशा यांना हरवले, तेव्हापासून आपल्या क्लबांत या रबरांविषयी कुतूहल फार वाढले आहे. ते स्वाभाविकही आहे. परंतु या दोघींचा सगळा खेळ त्या रबराभोवती उभा आहे. बॅट हातातल्या हातात फिरवून कोणत्या चेंडूला कोणती बाजू द्यायची याचा निर्णय क्षणार्धात घेणे हे वर्षांच्या तालमीचे फळ आहे. कच्चा बॅकहँड झाकायला पिंपल लावले तर तो बॅकहँड कायमचा कच्चा राहतो. पन्नाशी-साठीच्या पुढे, पाय मंदावल्यावर, पिंपल लावून तरुणांना हैराण करणारी मंडळी मुंबईच्या प्रत्येक जिमखान्यात आहेत आणि तो त्यांचा हक्कच आहे. तुमचे वय ३६ आहे.

तेव्हा नेमके काय घ्यावे? ब्लेडमध्ये स्टिगा ऑलराउंड क्लासिक किंवा डॉनिक अपलग्रेन ऑलप्ले ही दोन नावे या टप्प्यासाठी कित्येक वर्षे सुचवली जातात आणि अजूनही त्यांना तोड नाही. थोडा अधिक वेग हवाच असेल तर यासाका स्वीडन एक्स्ट्रा घ्यावे. तुमची आत्ताची सवय पाहता एकदम बेताच्या वेगाच्या ऑलराउंड ब्लेडवर आल्यास पहिले दोन आठवडे सगळे चेंडू जाळीत जातील आणि तुमचा धीर सुटेल, अशी मला किंचित धास्ती वाटते, म्हणून तुमच्या बाबतीत स्वीडन एक्स्ट्राही चुकीचे ठरणार नाही. या तिघांपैकी कोणतेही मिळाले तरी चालेल. रबराच्या बाबतीत फोरहँडला यासाका मार्क व्ही, जे १९६९ पासून बाजारात टिकून आहे, किंवा बटरफ्लायचे रोझेना. बॅकहँडला झिऑम वेगा युरोपसारखे मऊ स्पंजाचे रबर. स्पंजाची जाडी फोरहँडला २ मिलिमीटर आणि बॅकहँडला १.८. दुकानदार ‘मॅक्स (सर्वांत जाड स्पंज) घ्या, सगळे तेच घेतात’ असे म्हणेल. नम्रपणे नकार द्यावा. नियमानुसार स्पंज, वरचा थर आणि मधला गोंद मिळून ४ मिलिमीटरपर्यंत जाडी चालते, पण चालते म्हणून ती घेतलीच पाहिजे असे नाही. जाड स्पंज चेंडू अधिक उसळवतो आणि बॅट जडही करतो.

वजनाकडे आपल्याकडे फारसे कुणी पाहत नाही, आणि तुमच्या मनगटाचे दुखणे बहुधा तिथेच आहे. घरी स्वयंपाकघरात डिजिटल काटा असेल तर आत्ताची बॅट त्यावर ठेवून पाहा. १९० ग्रॅमच्या आसपास किंवा वर भरली तर मला आश्चर्य वाटणार नाही. नव्या बॅटचे एकूण वजन १७० ते १८० ग्रॅम असावे. हिशेब सोपा आहे: ब्लेड ८५ ग्रॅम, कापून लावलेले फोरहँडचे रबर साधारण ४५, बॅकहँडचे ४२, कडेची पट्टी आणि गोंद मिळून दोन-तीन ग्रॅम. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन ब्लेडांत पाच-सात ग्रॅमचा फरक सहज असतो, कारण शेवटी ते लाकूड आहे. म्हणूनच ब्लेड ऑनलाइन मागवण्यापेक्षा धोबी तलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत स्वतः जाऊन, दोन-तीन नग काट्यावर ठेवायला लावून, त्यातले हलके निवडावे असे मी सुचवेन. मुलुंडहून फास्ट लोकलने सीएसएमटी आणि तिथून पायी थोडे अंतर, एवढाच खटाटोप. मूठ मात्र तिथेच ठरवावी. खाली रुंद होत जाणारी फ्लेअर मूठ बहुतेकांना सोयीची पडते, कारण घामेजल्या हातातून ती निसटत नाही. सरळ मूठ फोरहँड-बॅकहँड बदलताना बोटांना मोकळीक देते. दोन्ही हातात धरून, तर्जनी रबरावर टेकवून, मनगट चार वेळा वळवून पाहिले की कळते. मुठीवर बॅडमिंटनची पट्टी गुंडाळण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती टाळा. मूठ जाड होते आणि बोटे बॅट आवळून धरतात.

मनगटाचे दुखणे हलक्या बॅटने तीन आठवड्यांत कमी झाले नाही तर डॉक्टरांना दाखवावे, त्यासाठी माझ्या सल्ल्यावर विसंबू नये.

खर्चाविषयी एवढेच सांगतो, की वर सुचवलेले साहित्य बारा हजारांत बसते आणि वर पैसे उरतात. किमती दुकानागणिक बदलतात, त्यामुळे दोन ठिकाणी विचारावे. उरलेल्या पैशांतून दोन गोष्टी घ्या. पहिली म्हणजे कडक आवरणाची बॅट-पेटी, कारण सायंकाळी सेंट्रलच्या डब्यात पाठीवरच्या बॅगेवर किती माणसे रेलतात हे तुम्हाला सांगायला नको. दुसरी म्हणजे तीन तारे असलेले चांगले चेंडू. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सेल्युलॉइडच्या जागी प्लास्टिकचे चेंडू आले; सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये पडलेल्या स्वस्त चेंडूंची उसळी आणि गोलाई इतकी बेभरवशाची असते, की त्यांवर सराव करून बॅटविषयी कोणताही निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे.

खरेदीआधी शक्य असेल तर क्लबात कुणाची तरी लाकडी ब्लेडची बॅट अर्धा तास मागून घ्या. मात्र तिने टॉपस्पिन मारून पाहू नका. नव्या बॅटने टॉपस्पिन मारताना प्रत्येकालाच मजा येते आणि त्यातून काही समजत नाही. समोरच्याला सांगा की मला आखूड, खालच्या फिरकीची सर्व्हिस टाक, आणि तुम्ही ती तितकीच आखूड, जाळीलगत ठेवण्याचा प्रयत्न करा. पुढे त्याला टॉपस्पिन मारायला सांगून तुम्ही नुसता ब्लॉक धरा, पाच चेंडू त्याच्या बॅकहँडला, पाच फोरहँडला. या दोन गोष्टी ज्या बॅटने जमतात ती तुमच्या कामाची.

मुंबईच्या हवेचा विषय वेगळा काढावा लागतो, कारण बॅट आणि रबरांचे परदेशी लेख वाचून इथे गोंधळ होतो. आपल्या बहुतेक हॉलमध्ये एसी नसतो आणि चेंडू हलतो म्हणून खेळताना पंखेही बंद ठेवावे लागतात. जून ते सप्टेंबरमध्ये अशा हॉलात पहिला गेम संपेपर्यंत रबरावर दमटपणाचा न दिसणारा पापुद्रा चढलेला असतो. फिरकी द्यायला जावे आणि चेंडू सुळकन खाली घसरून जाळीत जावा, असा अनुभव तुम्हालाही आला असेल. चिकट रबरांना हा त्रास जास्त होतो, हरिकेन नको म्हणण्याचे हेही एक कारण. यावर उपाय साधा आहे. एक कोरडा सुती रुमाल फक्त बॅटसाठी ठेवावा आणि नियमाप्रमाणे दर सहा गुणांनंतर टॉवेलसाठी जो थोडा वेळ मिळतो, त्यात घाम पुसण्याआधी रबर पुसावे. घरी आल्यावर ओल्या, पिळलेल्या कापडाने दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसून, वाळल्यावर त्यांवर प्लास्टिकची संरक्षक फिल्म चिकटवावी. साबण किंवा डेटॉल लावू नये, बॅट उन्हात ठेवू नये, आणि पार्किंगमध्ये तापलेल्या गाडीत तर मुळीच सोडू नये.

रबर संपले आहे हे कसे ओळखावे, असा पुढचा प्रश्न तुम्हाला सहा महिन्यांनी पडेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. रबर स्वच्छ पुसून वाळवा, मग चेंडू त्यावर अंगठ्याने किंचित दाबून फिरवा: आधी कडेला, जिथे चेंडू क्वचितच लागतो, आणि नंतर मधोमध, किंचित टोकाच्या बाजूला, जिथे तुमचे टॉपस्पिन लागतात. कडेला रबर चेंडूला धरून ठेवते आणि मध्ये तो सरकतो, असे झाले तर त्या रबराचे दिवस भरले. त्या जागेचा रंगही बाकीच्यापेक्षा फिका, पांढुरका झालेला दिसतो. आठवड्यातून तीन दिवस खेळणाऱ्याला साधारण सहा ते आठ महिन्यांनी निदान फोरहँडचे रबर बदलावे लागते. महागडे रबर दीड-दोन वर्षे ताणत बसण्यापेक्षा मध्यम किमतीचे रबर वेळेवर बदलणे कधीही चांगले, आणि बारा हजारांची तरतूद करताना हा पुढचा खर्चही त्यात धरावा.

क्लबात कुणीतरी रबरावर लावायला बूस्टर नावाचे तेल देऊ करील. आयटीटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या) नियमांनुसार कारखान्यातून बाहेर पडलेल्या रबरावर असे काही लावता येत नाही, आणि तुम्हाला वेग वाढवायचाही नाही. सोडून द्या.

निळ्या रबराबद्दल : १९८६ पासून बॅटची एक बाजू लाल आणि दुसरी काळी असा नियम होता, ऑक्टोबर २०२१ पासून एक बाजू काळी ठेवून दुसऱ्या बाजूला निळा, हिरवा, गुलाबी, जांभळा असे रंगही मान्य झाले आहेत. तेव्हा आयटीटीएफची मान्यता छापलेले निळे रबर दुसऱ्या बाजूला काळे असल्यास चालते. फक्त तुमच्या कंपनीच्या स्पर्धेचे पंच जुन्या लाल-काळ्या नियमावर अडून बसणार नाहीत ना, हे आयोजकांना आधी विचारून घ्या. मला विचाराल तर तांबडेच घ्या, निळ्या रंगात सगळी रबरे मिळतही नाहीत.

राहिला वेळेचा प्रश्न. नव्या बॅटशी हात जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून खरेदी गणपती झाल्याझाल्या उरकावी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर सरावाला ठेवावेत. नोव्हेंबरच्या मध्यानंतर बॅटमध्ये कोणताही बदल करू नये, अगदी रबरही नाही. रबर दुकानातच चिकटवून घ्या, पण स्वतः चिकटवायचे असेल तर हवेत दमटपणा असताना घाई करू नका. २००८ पासून विरघळक असलेले जुने गोंद बंद झाले आणि आता पाण्यावर आधारित गोंदच वापरला जातो. तो ब्लेडवर आणि स्पंजावर पातळसा, पांढरा पसरतो आणि पूर्ण वाळला की पारदर्शक होतो. कोरड्या हवेत याला थोडा वेळ पुरतो, आपल्याकडे पावसाळ्यात किंवा त्यानंतरच्या दमट दिवसांत पुष्कळ जास्त लागू शकतो. कुठेही पांढरा ठिपका दिसत असेल तर थांबा, नाहीतर आत बुडबुडा राहतो आणि नेमका तिथेच चेंडू मेल्यासारखा पडतो. सगळे पारदर्शक झाले की मुठीच्या बाजूने सुरुवात करून रबर न ताणता टेकवत न्या, वरून लाटणे हलके फिरवा, बॅट उलटी करून कटरच्या नव्या पात्याने कडेने कापा. ब्लेड नवे कोरे असेल तर गोंद लावण्याआधी त्यावर पातळ वॉर्निशचा एक हात देऊन रात्रभर वाळू द्या, म्हणजे पुढे रबर काढताना लाकडाच्या कपच्या निघणार नाहीत. जुनी रेडीमेड बॅट फेकू नका. स्पर्धेच्या दिवशी ती बॅगेत राखीव म्हणून असू द्या.